भिलाई ते नागपूर, डबल सीट

मी एक सायकल आहे, आणि मला भिलाईची आठवण येते.

इथे नागपुरात मला कोणी परकी समजत नाही. काळा रंग, आडवी दांडी, मागे रुंद कॅरिअर. अशा सायकली इथे गल्लोगल्ली भिंतींना टेकलेल्या असतात. पण माझ्या मडगार्डच्या आतून कोणी नखाने खरवडून पाहिलं, तर तांबडी धूळ निघेल. ती भिलाईची. कितीही धुतलं तरी ती गेली नाही, आणि ती जावी असं मला कधी वाटलंही नाही.

माझा जन्म तिकडे बंगालमधल्या एका कारखान्यात झाला. नळ्या कापल्या, जोडल्या, रंग भट्टीत भाजला, चाकांत आरे ओवले. मग मला सुटी करून गोणपाटात गुंडाळलं आणि मालगाडीत घातलं. कुठे नेताहेत ते कोणी सांगितलं नाही. डोळे उघडले तेव्हा मी दुर्गला विद्याधरपंतांच्या दुकानात होते. पंतांचं घराणं आजोबांपासून दुर्गचं. ते मराठी बोलत, गिऱ्हाइकाशी हिंदी बोलत, आणि आम्हा सायकलींशी काही न बोलता काम करत. त्यांनी मला जोडून उभं केलं, घंटी वाजवून पाहिली, आणि दारात रस्त्याकडे तोंड करून ठेवलं.

त्या रस्त्यावरून तेव्हा सारं जग भिलाईकडे चाललं होतं. पोलादाचा कारखाना उभा राहत होता. ट्रकमागून ट्रक, सिमेंट, लोखंड आणि माणसंच माणसं; आंध्रातली, बंगालमधली, पंजाबातली, आपल्या विदर्भातली. आणि घर कामापासून लांब म्हणून ज्याला त्याला सायकल हवी.

टिकाराम आला तो अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात. उंच, सडपातळ, अंगावर लोखंडाचा भुगा. तो रिगर होता; म्हणजे दोर आणि साखळ्या बांधून जड लोखंड उंचावर चढवायचं, हे त्याचं काम.

"बसून बघा," पंत म्हणाले.

"बसतो ना जी. पन पहिले कपडे झटकू द्या. नवी हाय थे."

तो दुकानाबाहेर गेला, अंग झटकलं, हात पुसले, आणि मगच त्याने मला हात लावला. तेवढ्यावरच मी त्याची झाले.

भिलाईच्या काठावर कुरुद गावाला लागून आमची बस्ती होती. भंडाऱ्याकडून आलेली बौद्ध कुटुंबं तिथे झोपड्या बांधून राहत. घरात टिकारामची बायको ललिता आणि आई सिंधुताई. सिंधुताईंनी मला दारात थांबवलं. आता आपण बुद्धाचे, हळदकुंकू लावायचं नाही, पण नव्या वस्तूचं काहीतरी करायला तर हवं, म्हणून त्यांनी माझ्या हँडलला गुळाचं बोट लावलं. पुढे कितीतरी दिवस मुंग्या माझ्यावरून फिरत होत्या.

संध्याकाळी टिकाराम ललिताला कॅरिअरवर बसवून शेजारच्या जुनवानी गावाच्या वाटेने न्यायचा. बस्तीतून जाताना ती माझ्या गादीची स्प्रिंग धरून अंग चोरून बसे. शेवटची झोपडी मागे पडली की तिचा हात स्प्रिंगवरून सुटायचा आणि टिकारामच्या कमरेभोवती जायचा. बोलणं फार नसे. परतताना क्षितिजावर भट्टीचा उजेड दिसायचा, आणि टिकाराम पायडल हळू करायचा. घर येऊ नये म्हणून माणसं सायकल हळू चालवतात, हे मी त्या वाटेवर शिकले.

टिकारामच्या मनाला एकच टोचणी होती. छप्पनच्या दसऱ्याला नागपुरात दीक्षेचा सोहळा झाला तेव्हा त्याचं अख्खं गाव गेलं होतं. कोणी रेल्वेने, कोणी पायी. तो तेवढा राहिला, कारण ललिता बाळंतीण होत होती. मुलगी झाली, आणि आठवडाभरही राहिली नाही. पुढच्या वर्षी ती तिघं भिलाईला आली. मग दर दसऱ्याला तो म्हणायचा, "औंदा जाऊ नागपूरले." पण भट्टीच्या कामाला दसरा ठाऊक नसे. ड्यूटी लागायची, आणि संध्याकाळी तो मला पुसत नुसता बसायचा.

अशात देवानंद गुरुजींनी एक बेत काढला. गुरुजी दिवसा कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करत आणि संध्याकाळी बस्तीतल्या मुलांना शिकवत. खेड्यातल्या मुली चौथीनंतर घरी बसतात, त्यांना नागपुरात राहून शिकता यावं म्हणून तिथे एक वसतिगृह काढायचं घाटत होतं. गुरुजींचं म्हणणं, आपण भिलाईहून सायकलने निघू, वाटेत गावोगाव देणगी मागू आणि दसऱ्याला नागपूर गाठू.

"सायकलनं कावून? रेल्वे हाय ना," कोणीतरी म्हणालं.

"रेल्वेनं गेलं तं गावं लागत नाईत," गुरुजी म्हणाले.

पहिलं नाव टिकारामने दिलं. घरी येऊन ललिताला म्हणाला, "आपली पोट्टी असती तं आता शाळेत गेली असती. नाई?" ललिताने पाण्याचा तांब्या उचलून आत ठेवला.

त्याच पावसाळ्यात टिकारामला कावीळ झाली. आधी डोळे पिवळे झाले, मग अंग. चंपत, त्याच्याबरोबर काम करणारा मित्र, त्याला माझ्यावर बसवून दवाखान्यात घेऊन गेला. येताना मी एकटीच आले. चंपतने मला हातात धरून चालवत आणलं. तो चढून बसला नाही. सबंध वाट तो माझ्या बाजूने चालत होता.

सफर त्या वर्षी राहिली. मला पडवीत टेकवून ठेवलं. चाकांतली हवा हळूहळू गेली. कोंबड्यांना माझी दांडी झोपायला बरी वाटली. ललिता कारखान्याच्या नव्या बांधकामावर रेजा म्हणून जाऊ लागली, डोक्यावरून खडी-सिमेंटची घमेली वाहायला. सकाळी ती माझ्या बाजूने जायची, संध्याकाळी माझ्या बाजूने यायची. वर्षभरात तिने मला हात लावला नाही. मी रागावले नाही. तिच्या जागी मी असते तर मीही लावला नसता.

मग पुढच्या वर्षी दसरा महिन्यावर आला असताना गुरुजी दारात उभे राहिले.

"बाई, टिकारामची सायकल उभीच हाय. आमच्यातल्या एकापाशी सायकल नाई. दसऱ्यापुरती देता का?"

ललिता चूल फुंकत होती. "सायकल भेटन, गुरुजी. पन चालवीन मी."

"म्हंजे?"

"त्याइनं पहिलं नाव देल्लं होतं ना? त्या जागी मी येते."

"तुमाले चालवता येते?"

"नाई."

"मंग?"

"दसऱ्याले टाइम हाय ना अजून."

गुरुजी हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. पण त्यांचा चेहरा पडला. "बाई, नागपूर का जुनवानी हाय? तीन-चार दिवस पायडल मारा लागते. मंधात जंगल हाय, चढ हाय. गड्याइचे गुडघे जातेत."

सिंधुताई उंबऱ्यात बसून दातांना तंबाखूची गुडाखू घासत होत्या. त्यांनी बाजूला थुंकून तोंड पुसलं. "गुरुजी, होस्टेल पोट्ट्याइचं हाय का पोट्टीइचं?"

"पोरींचं."

"मंग एखादी बाई नको का त्यात? शिकन थे. मी धरते मांगून."

चंपतने माझी चाकं भरली, चेनला तेल दिलं. कुरुदच्या बाहेर मोकळा माळ होता, काशी गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांनी भरलेला. पहाटे कामावर जाण्याआधी आणि सुट्टीच्या दिवशी, तेवढाच वेळ. ललिताने नऊवारीचा काष्टा घट्ट कसला. दांडीवरून पाय टाकायची भीती, म्हणून लहान मुलं शिकतात तशी ती दांडीखालून पाय घालून, कैंची मारत शिकू लागली. चंपतला वहिनीच्या मागे धावायची लाज वाटायची. तो लांबूनच ओरडायचा.

"वहिनी, समोर पाहा! चाकाकडं कावून पाहून राहिल्या?"

"चाक कुठी जाऊन राहिलं थे पाहून राहिली!"

चाक बहुतेक वेळा खड्ड्यात जायचं. तिचे कोपर सोलले, पोटरीला माझ्या पायडलची खूण उठली. मलाही खरचटलं, पण त्याचं काही नाही.

सिंधुताई मागून कॅरिअर धरून धावायच्या. या वयात, लुगडं सावरत, धापा टाकत. बाकी लोक शिकवताना हळूच हात सोडतात. सिंधुताई सोडायच्याच नाहीत. ललिताचा तोल सावरला, मी सरळ पळू लागले, तरी त्यांची मूठ कॅरिअरवर तशीच. मग मी ओढली जायची, वाकडी व्हायची, आणि आम्ही तिघीही मातीत.

एका सकाळी तिसऱ्यांदा पडल्यावर ललिता म्हणाली, "आत्याबाई, आता सोडा ना मले."

"सोडू कशी?" सिंधुताई मातीतच बसल्या होत्या. "एक गेला माह्या हातून. धरूनच होती ना मी त्यालेबी?"

कितीतरी वेळ दोघी काशीच्या तुऱ्यांत बसून राहिल्या. वर्षभर घरात जे रडणं झालं नव्हतं ते तिथे झालं. मग ललिता उठली. तिने मला एका दगडाशी उभं केलं, दगडावर चढून गादीवर बसली आणि निघाली. मागे कोणी नव्हतं. माळाच्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली.

"आता उतर!" सिंधुताई ओरडल्या.

"कशी?"

ते कोणी शिकवलंच नव्हतं. ती सिंधुताईंच्या भोवती फिरत राहिली, फिरत राहिली आणि शेवटी एका झुडपात शिरली.

दसरा जवळ आला तरी तिचं शिक्षण एवढंच झालं होतं. चढायला दगड किंवा पुलाचा कठडा लागे आणि उतरायला मऊ जागा. लांबात लांब ती जुनवानीपर्यंत जाऊन आली होती, आणि त्या रात्री तिला मांडी घालून बसता आलं नव्हतं.

निघायच्या आधी ती मला हाती धरून दुर्गला विद्याधरपंतांकडे घेऊन गेली. पंतांनी मला ओळखलं. त्यांनी चाकं सरळ केली, ब्रेकचे रबर बदलले. मग विचारलं, "आता कोण बसणार हिच्यावर?"

"मी."

पंतांनी तिच्याकडे पाहिलं, कोऱ्या कपाळाकडे पाहिलं. "मग सीट खाली घ्यावी लागेल. ही त्यांच्या मापाची आहे."

बोल्ट गंजला होता. त्यांनी तेल सोडलं, थोडं थांबले, हलक्या हाताने हातोडी मारली. दांडा सुटला आणि माझी गादी चार बोटं खाली आली. इतके दिवस टिकाराम गेला असं लोक म्हणत होते. मला ते त्या क्षणी कळलं. ललिता तोंड फिरवून रस्त्याकडे पाहत होती.

आम्ही निघालो तेव्हा बस्ती रस्त्यापर्यंत पोचवायला आली. पंचशीलाचे झेंडे, "जयभीम"चा गजर, प्रत्येकाच्या कॅरिअरला भाकरीचं गाठोडं. दहा-बारा पुरुष आणि ललिता. पहिल्या चढालाच ती मागे पडली.

पहिला दिवस तिने दात आवळून काढला. राजनांदगावच्या मुक्कामी तिला पायऱ्या चढता येईनात. दुसऱ्या दिवशी पुढची मंडळी झाडाखाली थांबून तिची वाट पाहायची. ती पोचली की ते उठायचे. त्यांची विश्रांती व्हायची, तिची होतच नसे. कोणी वाईट बोललं नाही, पण एकजण घड्याळ बघायचा. ते ती पाहायची आणि खाली मान घालून जोरात पायडल मारायची.

"बाई, इथून एखाद्या ट्रकवर सायकल टाकून देतो," गुरुजी म्हणाले. "यात कमीपना नाई."

"तुमी व्हा समोर. मी येते मांगून," ललिता म्हणाली.

आणि मग एक नवीच गोष्ट झाली. पुरुष मंडळी गावात पोचली की चावडीशी थांबत, गुरुजी भाषण करत, गावातले पुरुष काहीबाही देत. बायका दाराआडून पाहत. घटकाभराने मागून ललिता यायची, धुळीने माखलेली, दगड शोधत. कुणाच्या तरी ओट्यापाशी मी आडवी व्हायची आणि ती तिथेच बसून राहायची. एक बाई सायकलवरून पडली हे पाहायला साऱ्या बायका बाहेर येत.

"बाई, कुठून आली व?"

"भिलाईहून."

"सायकलवर? पोरंबाळं नाईत का तुले?"

मग ती सांगायची. भाषण येत नसल्यामुळे ती नुसतं घरचं सांगायची. नवऱ्याचं, नसलेल्या मुलीचं, खेड्यातल्या पोरींसाठी नागपुरात होणाऱ्या खोल्यांचं. बायका आत जात आणि पदराखालून काही घेऊन येत. मूठभर तांदूळ, लाखोळीची डाळ, एकीने तर पायातल्या तोरड्या. दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळी माझ्या हँडलला दोन्हीकडे पिशव्या लटकत होत्या, आणि घड्याळ पाहणारा माणूस पुन्हा घड्याळ पाहताना दिसला नाही.

तिसऱ्या दिवशी देवरीच्या पुढे, साकोली यायच्या आधी, रस्त्याला लागून एक लहानसा टोला, म्हणजे थोड्या घरांची वाडी होती. पुढची मंडळी तिथे न थांबता गेली होती. ललितालाही थांबायचं नव्हतं, पण एका शेळीमुळे थांबावं लागलं. आम्ही पडलो ते एका म्हातारीच्या अंगणात.

तिचं नाव मनकर्णा. तिने पाणी दिलं, गुडघ्याला हळद लावली, सगळं ऐकून घेतलं. ओट्यावर तिची नात तारा बसली होती. दहा-अकरा वर्षांची, तेल नसलेले केस, माझ्या घंटीवर डोळा.

"होस्टेल हाय म्हंतेस," मनकर्णा म्हणाली. "त्यात पोट्टी किती हायेत?"

"अजून नाईत. आता पैसा जमा करून राहिलो."

"पैसा माह्यापाशी नाई. हे पोट्टी हाय." तिने ताराकडे पाहिलंही नाही. "चौथी झाली हिची. माय मेली, बापानं दुसरं घर केलं. मी आज हाय, उद्या नाई. घेऊन जाय."

ललिता उभी राहिली. "माय, मलेच धड चालवता येत नाई. आताच पाहिलं ना तुमी!"

"पाहिलं. पडली अन् उठली, थेबी पाहिलं."

ताराला कोणी विचारलं नव्हतं. ललिता तिच्यापुढे बसली. "तुले शिकाचं हाय का?"

तारा आजीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आजीले पानी कोन आनून देईन?"

"मी का लंगडी हाव का?" मनकर्णा एकदम ओरडली आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक फ्रॉक आणि पाटी होती, फडक्यात बांधलेली.

पहिल्यांदा आम्ही टोल्याबाहेरही गेलो नाही, दोघी पडल्या. दुसऱ्यांदाही पडल्या. मग ताराच म्हणाली, "तुमी पहिले चाला. मी पळत येऊन बसते." ललिता पुलाच्या कठड्यावरून चढली, मी चालू लागले, आणि मागून धावत येऊन ती पोर चिमणीसारखी माझ्या कॅरिअरवर बसली. मी डगमगले, पण पडले नाही. मनकर्णा कडेने झपझप चालत होती. तिचा हात ताराच्या पाठीवर होता. मग चाल कमी पडली आणि हात सुटला.

"मांगं नको पाहू!" तिचा आवाज आला.

ताराने मागे पाहिलं नाही. तिने ललिताच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि तोंड तिच्या पाठीत खुपसलं. ललिताची पाठ ओली झाली. साकोली येईपर्यंत ती नुसतं जपून चालवत होती, मी काचेची असल्यासारखं.

साकोलीला गुरुजींनी कपाळाला हात लावला. "ललिताबाई, होस्टेल बांधायचं हाय अजून! भाड्याच्या दोन खोल्या घेतल्यात नुसत्या. पोरीले ठेवू कुठी?"

"गुरुजी, मंग आपन कोनासाठी जाऊन राहिलो?"

घड्याळवाल्याने आपल्या गाठोड्यातली भाकरी काढून ताराच्या हातात ठेवली. पुढे वाटेत अनेकांनी तिला आपल्या सायकलवर बसवायचं म्हटलं. ती गेली नाही.

भंडाऱ्याला वैनगंगेच्या पुलावर वारा होता. खाली भरलेलं पात्र, आणि तारा मोठ्याने पाढे म्हणत होती, भीती वाटू नये म्हणून. ललिता तिच्यामागे म्हणू लागली. तिला ते पाढे येत नव्हते. पण पूल संपला तरी दोघी थांबल्या नाहीत.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी आम्ही दीक्षाभूमीवर पोचलो. पांढऱ्या लुगड्यांची, टोप्यांची, पायी आलेल्या माणसांची ती गर्दी. इतकी माणसं मी भिलाईतही एका जागी पाहिली नव्हती. ललिताने मला स्टँडवर लावलं नाही. एका हातात मी आणि एका हातात तारा, अशी ती उभी राहिली. वंदना सुरू झाली तेव्हा तिने माझ्या गादीवर कपाळ टेकवलं. ती टिकारामशी बोलली असेल. मला ऐकू आलं नाही, आणि ते माझ्यासाठी नव्हतंही.

वसतिगृह म्हणजे नागपूरच्या इंदोरा वस्तीतल्या दोन खोल्या आणि एक अंगण. सांभाळायला लतिकाबाई नावाच्या एक शिक्षिका होत्या. त्यांनी ताराला जवळ घेतलं. पिशव्यांतले तांदूळ पाहून म्हणाल्या, आता चूल पेटली म्हणायची. शाळेचं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "शाळा चांगली आहे, पण लांब आहे. जायला-यायला दोन तास चालावं लागेल. तेवढं अवघड आहे."

ती रात्र ललिताने ताराशेजारी काढली. सकाळी परतीची रेल्वे होती. तिने अंगणात मला बालदीभर पाण्याने धुतलं, पदराने पुसलं, चेनला तेल दिलं. मला वाटलं, परत जायचंय म्हणून.

"तारा, हे तुह्यापाशी राहू दे," ती म्हणाली.

"अन् तुमी कामावर कशा जासान?"

"आतापर्यंत पायीच जात होती ना मी."

"तुमची आत्याबाई रागावन."

"रागावन. मंग रडन. मंग समजन तिले." ललिताने तिचे केस मागे सारले. "दांडीखालून पाय घालून शिक पहिले. पडशीन. पडू दे."

ती निघाली, कोपऱ्यापर्यंत गेली, आणि वळून झरझर परत आली. ताराने हात पसरले. पण ललिता माझ्यापाशी वाकली, मागचा ब्रेक दाबून पाहिला, पुन्हा दाबून पाहिला, आणि म्हणाली, "उतारावर पुढचा दाबू नको." मग गेली. तिच्या चालीत थोडा लंगडेपणा होता. इतक्या दिवसांच्या प्रवासाचा असेल.

त्या घरी काय झालं असेल, पडवीतली माझी जागा पाहून सिंधुताई काय म्हणाल्या असतील, कोंबड्या आता कुठे झोपत असतील, हे मला कधी कळलं नाही. हे सगळं न कळणं, हाच मला सगळ्यात मोठा गंज.

पुढच्या दसऱ्याला ललिता आली, रेल्वेने. तेव्हा तारा गादीवर बसून चालवू लागली होती. "बसा मागं," तारा म्हणाली. ललिता लाजली, नाही म्हणाली, मग बसली. इंदोऱ्यापासून दीक्षाभूमीपर्यंत ताराने तिला नेलं. गल्लीतून जाताना ललिताने स्प्रिंग धरली होती. मोठ्या रस्त्याला लागल्यावर तिने ताराच्या खांद्यावर हात ठेवला, आणि सबंध वाट ती हसत होती. मी तिला इतकं हसताना दुसऱ्यांदा कधी पाहिलं नाही.

त्यानंतर ती आली नाही. ऐकलं की ती एका दवाखान्यात आया म्हणून लागली, आणि सणासुदीला तिथे सुट्टी मिळत नाही. ऐकलं की सिंधुताई अंथरुणाला खिळल्या आहेत आणि ती त्यांना सोडून हलत नाही. गुरुजींची बदली झाली, तेव्हापासून ऐकणंही बंद झालं.

आता एकोणसत्तर गेलं, सत्तर गेलं. तारा मॅट्रिक झाली आणि नर्सिंग शिकायला गेली. जाताना तिला मला घेऊन जायचं होतं. पण अंगणात लहान मुली माझ्याभोवती उभ्या होत्या, एकीने तर माझं हँडलच धरून ठेवलं होतं. ताराने ते पाहिलं, मला एक फेरी मारून आणलं आणि त्या मुलीच्या हाती दिलं. दोन खोल्यांच्या आता पाच झाल्या आहेत. किती जणी माझ्यावर पडल्या आणि शिकल्या, मी मोजलं नाही. माझा रंग उडालाय, पुढचं चाक जरा थरथरतं, घंटी गेली. पण मी चालते.

तुमच्यापैकी कोणी भिलाईला जाणार असेल, तर कुरुदच्या बाजूला बौद्धांची बस्ती विचारा. तिथे ललिता नावाची बाई असेल. आता चाळिशीला टेकली असेल बहुधा, किंवा मला तसं वाटतं, कारण मीच म्हातारी झालेय. तिला सांगा, मागचा ब्रेक अजून लागतो. सांगा, मनकर्णाच्या नातीला पांढरा ड्रेस शोभतो. आणि सांगा, मला परत न्यायला येऊ नको. मी जाणार नाही, इथे माझं काम आहे. नुसतं भेटायला ये. ये, आणि बस कॅरिअरवर.

थांबते आता. आतून पायांचा आवाज येतोय. पोरीची शाळा भरायची वेळ झाली.